चिमूटभर साखर

चेंदणी कोळीवाड्यात मनुबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पापलेटाचा भाव तिनं एकदा सांगितला की सांगितला. पण सून शेवंती पुन्हा गरोदर राहिली आणि ही वाघीण पार शेळी झाली. शेवंतीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, आणि तेव्हा रक्तातली साखर तपासायचं कुणाला सुचलंच नव्हतं. या खेपेला डॉक्टर चित्राबाईंनी आधीच तपासली, इन्सुलिनची सुई सुरू केली. मनुबाईच्या मुलानं, जगननं, दुबईच्या मित्राकडून रक्ताच्या थेंबावर साखर सांगणारं मशीन मागवलं.

पोरीला रोज टोचायचं म्हटल्यावर मनुबाईचा जीव खालीवर झाला. देवीचं नाव घेतल्याशिवाय ती होडीसुद्धा पाण्यात जाऊ देत नसे, मग सुनेच्या बोटाला सुई कशी लागू देईल? ती एकवीरेच्या प्रसादाची चिमूटभर साखर शेवंतीच्या हातावर ठेवायची.

"खाव नको गो. नुसती धर, आईचं नाव घे."

शेवंती मूठ मिटून नाव घ्यायची. मग ती साखर मनुबाई स्वतः खायची, सुनेचा हात धरायची आणि जगन बोट टोचायचा.

आकडे मात्र चढतच गेले. भात बंद झाला, डॉक्टरांनी सुईचा डोस वाढवला. "मी काय चोरून खाते का?" म्हणून शेवंती रडली.

एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात लटलटू लागले. मनुबाईनं घाईघाईत प्रसाद तिच्या मुठीत दिला, जगननं टोचलं. आकडा अडीचशेच्या वर!

"आय, साखर वाढलीय. काय खायला देव नको तिला."

"मशीनच्या पोटात पोर हाय का? डॉक्टरबाई बोललेल्या, घाम सुटला तर साखर द्या." आणि मनुबाईनं प्रसादाची वाटीच सुनेच्या तोंडात रिकामी केली. हळूहळू शेवंतीचं अंग ऊब धरू लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी शेवंतीचे हात साबणानं धुवायला लावले. आकडा अगदी साधा आला. मग घरची सगळी रीत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मनुबाई, मशीन बोटाला चिकटलेला तुमचा प्रसाद मोजत होतं! आणि त्यावर मी डोस वाढवत होते. त्या दुपारी हिची साखर खरं तर पार उतरली होती. तुम्ही मशीनचं ऐकलं असतंत तर..."

मनुबाई आपली बोटं पदराला घासू लागली. "मीच मारायला निघालेले गो हिला."

शेवंतीनं सासूचा हात ओढून आपल्या हातात घेतला. "आय, तुमी हात धरता तवा टोचलेलं कलतच नाय मना. हात धरा. साखर तेवढी नको."

तेव्हापासून मनुबाई देवीचं नाव घेत स्वतः सुनेचे हात साबणानं धुवायची, बोटं पदरानं कोरडी करायची.

भाद्रपदात मुलगी झाली, सगळा दवाखाना डोक्यावर घेणारी. शेवंतीच्या सुया बंद झाल्या. कोळीवाड्यात वाटायला मनुबाईनं साखरेचं ताट भरलं, पण निघण्याआधी डॉक्टरांना दोनदा विचारून ती खाटेपाशी आली. पहिली चिमूट तिनं शेवंतीच्या हातावर ठेवली. शेवंतीनं सवयीनं मूठ मिटली.

"आता खा गो," मनुबाई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.