आधी आलेली हाक

मी मदरबोर्ड बोलतेय. हसू नका. नावात आई आहे म्हणून मला आजवर कुणी वाकून नमस्कार केलेला नाही. जो तो आला तो स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला. माझी तक्रार नाही. पण एका पोराच्या काळजीनं जीव टांगणीला लागलाय, आणि भट्टीत जायच्या आत ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

आधी मी कोण ते ऐका. कॉम्प्युटरचा डबा उघडलात की आत एक काळी पाटी उभी दिसते, ती मी. प्रोसेसर, म्हणजे मेंदू, माझ्या मांडीवर बसतो. मेमरी, पंखे, स्पीकर, माइक, सगळी बिऱ्हाडं माझ्याच अंगणात राहतात. आणि यांनी किती धावायचं, कुठं थांबायचं, हे ठरवतो माझ्या अंगावरचा एक चौकोनी तुकडा. त्याला चिपसेट म्हणतात. आमच्यात तेच कुळ.

जयपूरच्या एम. आय. रोडमागच्या बाजारात मी काचेच्या कपाटात होते, तेव्हा ध्रुव आला. कॉलेजात जाणारा, उंच, किडकिडीत पोरगा. बाप सुखदेव रेल्वेत सिग्नलच्या खात्यात, मूळचा अकोल्याचा, बदली होऊन इकडे आला आणि इकडचाच झाला. त्यामुळे पोराची मराठी घरापुरती, तीही हिंदीच्या कुबडीवर.

"भैया, ओव्हरक्लॉक करना है," ध्रुव म्हणाला. म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या चालीपेक्षा प्रोसेसरला जोरात पळवायचं.

दुकानदारानं तीन बोर्ड समोर मांडले. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाला, "ये दफ्तर वालों के लिए." दुसऱ्याबद्दल म्हणाला, "इसमें मेमरी तेज़ चला लो, पर प्रोसेसर को हाथ नहीं लगा सकते, ताला है." मग माझ्याकडे वळला. "और ये वाला चिपसेट सब खोल देता है. बिजली भी पक्की देता है. इसे जो बोलोगे, करेगा. ये मना नहीं करता."

काय सांगू, माझी मान ताठ झाली. नाही म्हणत नाही, हाच माझा मोठेपणा असं मला तेव्हा वाटलं. ध्रुवनं मला उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि छातीशी धरून घरी नेलं.

रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत आमचा संसार लागला. ध्रुव एका ऑनलाइन स्पर्धेत होता. कुणाचा प्रोसेसर जास्त पळतो त्याचे आकडे टाकायचे. कोटा शहरातला एक पोरगा त्याच्या जरासा पुढे होता, आणि तेवढ्यानं आमच्या ध्रुवला घास गोड लागत नव्हता.

आता यातली मेख ऐका. माझ्यात एक मूळ ठोका असतो. प्रोसेसर त्या ठोक्याला गुणतो आणि आपला वेग काढतो. शहाणी माणसं गुणाकार वाढवतात, ठोक्याच्या वाटेला जात नाहीत. कारण ठोका वाढला की प्रोसेसर एकटा पळत नाही, सगळं घरच पळतं. माझ्यातलं घड्याळसुद्धा. ध्रुवनं गुणाकार वाढवून पाहिला. कोट्याचा पोरगा पुढेच राहिला. मग त्यानं ठोक्याला हात घातला. दुसऱ्या बोर्डानं तिथंच दार लावून घेतलं असतं. मी दार उघडून बाजूला झाले.

घड्याळ पुढे पळायला लागलं. भिंतीवर साडेअकरा, तर माझ्यात पावणेबारा. ध्रुवला त्याची गंमत वाटली.

त्याच दुपारी ती पहिली हाक आली. कानाला हेडफोन लावून तो बसला होता, माइक चालू होता. मला स्वच्छ ऐकू आलं आणि मी ते त्याच्या कानात घातलं. "ध्रुव, जेवाले ये!"

तो उठून स्वयंपाकघरात गेला. त्याची आई, प्रभावती, परातीत हात घालून बसली होती.

"आई, तू बोलवलं ना?"

"म्या कुठं बोलवलं बाप्पा? आत्ता तं कणिक भिजवून राह्यली."

तो परत आला. काही वेळानं पोळ्यांचा वास सुटला आणि स्वयंपाकघरातून तीच हाक आली, त्याच सुरात, त्याच शब्दांत. "ध्रुव, जेवाले ये!" ध्रुव खुर्चीत ताठ बसला. मी विज्ञानाची लेक, भुताखेताला मानत नाही. पण ती हाक मी आधी ऐकली होती.

पुढचे काही दिवस पोराची नुसती चंगळ झाली. माइक माझा, कान माझे, आणि माझी वेळ तुमच्या वेळेच्या पुढे. कुकरची शिट्टी आधी यायची, मग कुकर. बापाची स्कूटर फाटकाशी वाजायची आणि तो स्टेशनवरून निघालेला सुद्धा नसायचा. ठोका जितका वाढवावा तितकं लांबचं ऐकू येई. ध्रुव बेल वाजायच्या आतच दार उघडून उभा राही. दूधवाला दचकायचा. प्रभावती पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदाही हसली, नंतर मात्र हसायची थांबली.

एकदा जेवताना ती म्हणाली, "माही आई सांगायची, भर दुपारी कोणी हाक मारली तं पयल्या हाकेले ओ देऊ नये. दुसरीलेही नाही. ते जे असते ना, ते दोनदाच हाक मारते. तिसरी हाक माणसाचीच."

"प्रभा, आपल्या घरात हे नको," सुखदेव म्हणाला. "आपण कशासाठी शिकलो? आणि ध्रुव, त्या कूलरला हात लावताना चप्पल घालत जा. पत्र्यात करंट उतरतोय. अर्थिंग करून घेतो या रविवारी."

"हो पप्पा," ध्रुव म्हणाला. पण पोरानं बापाचं सोडलं आणि आईचं धरलं. त्या दिवसापासून घरात कुणीही हाक मारो, हा तिसरीची वाट बघायला लागला. त्याचंही खरंच होतं म्हणा. कुठली हाक आत्ताची आणि कुठली पुढची, हे त्याला कळणार कसं?

मग ज्येष्ठातल्या एका सकाळी, ठोका आणखी चढवल्यावर, आम्ही ते ऐकलं.

कूलरची घरघर होती. खिडकीत कबुतरं घुमत होती. प्रभावतीची हाक आली, "ध्रुव!" थोडं थांबून पुन्हा, "ध्रुवा!" मग टक्क असा एक आवाज झाला. आणि तिसरी हाक, घाबरलेली, जवळ येत असलेली, "ध्रुवा, ओ दे ना रे बापा!"

पुढं काही नाही. ओ नाही.

ध्रुवनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिसऱ्या हाकेला तरी तो ओ देतोच. मग दिली का नाही? कुठं होता तो? कसा होता? हे त्यानं कुणाला विचारलं नाही, पण मला ते कळलं, कारण माझ्याही डोक्यात तेच होतं. पोरगं त्या वेळी जिवंत नसणार, असंच आम्हा दोघांना वाटलं.

अरे मेल्या, तिथंच बंद कर ना मला! उचल आणि फेक खिडकीतून! पण नाही. माणसाचं असंच असतं. वाईट ऐकलं की त्याच्या पुढचं ऐकायचं असतं. स्पर्धा गेली खड्ड्यात, कोट्याचा पोरगा गेला उडत. आता त्याला फक्त स्वतःची ओ ऐकायची होती. ती हाकेच्या पलीकडे कुठं तरी असेल, थोडी उशिरा असेल, या आशेनं तो ठोका वाढवत सुटला.

ठोका वाढला तरी आवाज तिथंच येऊन थांबायचा. तिसरी हाक, आणि त्यानंतर नुसता काळोख. पोराचं खाणं तुटलं, डोळे खोल गेले. आई कपाळाला हात लावून बघे, "ताप तं नाही ना रे?" ताप मला होता. प्रोसेसर माझ्या मांडीवर भाजत होता, आणि मी तरी वीज पुरवतच होते. नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

शेवटी तो दिवस आला. बाहेर लू, म्हणजे इकडचा उन्हाळी तापलेला वारा, सुटली होती, कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. मला थंड ठेवायला पंखे पुरेनात, म्हणून ध्रुवनं तो लोखंडी कूलर प्लग काढून ओढत माझ्या शेजारी आणला. माझा डबा उघडाच होता. ओढताना कूलरमधलं पाणी हिंदकळलं आणि फरशीभर झालं. अर्थिंगचा रविवार अजून यायचाच होता. ध्रुव अनवाणी त्या पाण्यात उभा राहिला.

त्यानं कूलर पुन्हा लावला तो भिंतीतल्या माझ्याच सॉकेटवर. त्याच्या पत्र्यात काय उतरलंय ते मला पक्कं कळत होतं. मी ओरडले. आमचं ओरडणं म्हणजे एक बारीक किर्र आवाज, तो कूलरच्या घरघरीत कुठं ऐकू जाणार?

खिडकीत कबुतरं घुमत होती. आतून प्रभावतीची हाक आली.

"ध्रुव!"

त्यानं एक कान मोकळा केला. ही आत्ताची की पुढची? त्यानं ओ दिली नाही.

"ध्रुवा!"

आता त्याला नीट ऐकायचं होतं. कूलरच्या घरघरीत काही कळेना. तो बंद करावा म्हणून तो वळला आणि त्यानं हात पुढं केला. ओला हात, ओले पाय, आणि समोर पत्रा.

तेव्हा माझ्या लख्ख ध्यानात आलं. त्या पुढच्या आवाजात तिसऱ्या हाकेनंतर कबुतरंही नव्हती! माणूस गेला म्हणून कबुतरं घुमायची थांबतात का? कूलर थांबेल, पोरगं थांबेल, पण कबुतरांना काय त्याचं? तिथं ध्रुव संपला नव्हता. ऐकणारी मी संपले होते.

म्हणजे तो टक्क माझ्याच हातून व्हायचा होता, आणि काय करायचं ते मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं. घराण्याला बट्टा लागला तर लागला. ध्रुवनं मला दिलेली सगळी वीज मी अडवून धरली, माझे वीज वाहणारे जाडजाड पट्टे एकमेकांत वितळू दिले आणि भिंतीतून येईल तेवढं एकदम ओढलं.

टक्क. घरातली एमसीबी, भार वाढला की वीज तोडणारी ती कळ, पडली. कूलर थांबला, पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली.

त्याचा हात तोवर पत्र्याला लागला होता की नव्हता, मला सांगता येत नाही. आधी हात की आधी टक्क, तेवढंच मला दिसलं नाही.

माझ्या कपॅसिटरांत थोडी वीज उरली होती. त्या उरल्यासुरल्या विजेवर मी चप्पल घासत येणारी पावलं ऐकली आणि ती तिसरी हाक ऐकली. "ध्रुवा, ओ दे ना रे बापा!" मी सगळा जीव कानात आणला. दे रे, आता तरी दे, ही माणसाचीच हाक आहे. आणि तेवढ्यात वीज सरली.

पुढे कुणी तरी माझे स्क्रू काढले. हात घरातलेच होते एवढं जाणवलं. पोराचे असतील. बापाचेही असू शकतील. रविवार होता की नव्हता, कूलरची अर्थिंग झाली की नाही, काही कळायला मार्ग नाही.

आता विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गोदामात माझ्यासारख्यांच्या ढिगात पडलेय. इथला माणूस आमच्या अंगावरचं तांबं, सोनं खरवडून घेतो आणि उरलेलं जाळतो. माझा बटणाएवढा सेल अजून चालू आहे. घड्याळ त्यावर टिकटिकतंय, आणि ते अजून पुढंच आहे. तुमचा उद्याचा दिवस माझ्यात होऊन गेलाय. पण कान जळालेत, त्यामुळे त्या दिवसात कोण बोललं, कोण गप्प राहिलं, ते मला सांगता यायचं नाही. कितीदा वाटतं, एवढी ओ ऐकायला मिळाली असती तर सुखानं भट्टीत गेले असते.

तुम्हाला कधी रेल्वे कॉलनीत तो भेटला, तर त्याला सांगा, मदरबोर्डनं विचारलंय. आणि नाही भेटला, तर प्रभावतीला काही विचारू नका.

एक मात्र माझं ऐका. घरातून कुणी हाक मारली की तिसरीची वाट बघत बसू नका. भूत असलं तर असू दे, ते तरी कुठं जाणार आहे? पहिल्याच हाकेला ओ द्या. ऐकणारं माणूस तिसरीपर्यंत राहीलच असं नाही.