सरासरी चौतीस

मी एक जुनी तापमापी आहे, मित्रांनो. लाकडी पट्टीवर बसवलेली काचेची नळी, पोटात थेंबभर पारा आणि अंगावर उणे दहापासून पन्नासपर्यंतच्या रेघा. सध्या मी काष्टीजवळच्या एका वस्तीवर कोंबड्यांच्या शेडमध्ये टांगलेली आहे. ऊन चढत चाललंय, वेळ थोडा आहे, म्हणून फार लांबण लावणार नाही. पण मला अर्धवट ऐकून कोणी उठून जाऊ नये. एवढा मान मी कमावलेला आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिरानं काच तापवून फुंकर मारली, माझ्या तळाशी हरभऱ्याएवढा फुगा केला, त्यात पारा भरला आणि माझं तोंड कायमचं बंद करून टाकलं. मग मला बर्फाच्या चुऱ्यात उभी केली. पारा जिथे आक्रसून थांबला तिथे शून्याची रेघ मारली. नंतर गरम पाण्यात बुडवली आणि वरच्या रेघा मारल्या. अंदाजानं मारलेली एकही रेघ माझ्या अंगावर नाही. मी खोटं बोलत नाही, मित्रांनो. तोंडदेखलं बोलायचं म्हटलं तरी मला जमत नाही.

वस्तीजवळच्या शाळेत रंगनाथ गुरुजींनी मला सातवीच्या वर्गात टांगलं. मी शाळेत होते, पण भिंतीला. बाकावर मला कोणी बसवलं नाही. माझं शिक्षण म्हणाल तर समोरच्या भिंतीवरच्या एका तक्त्याएवढं. तो मी एकोणीस वर्षं रोज वाचला. त्यात आठ ग्रह होते आणि प्रत्येकापुढे त्याचं सरासरी तापमान लिहिलेलं होतं. बुध एकशे सदुसष्ट, शुक्र चारशे चौसष्ट, पृथ्वी पंधरा, मंगळ उणे पासष्ट. तिथून पुढे गुरू, शनी सगळे गारठलेले, आणि शेवटी नेपच्यून, उणे दोनशे. मला शुक्रावर नेलं तर माझ्या काचेच्या ठिकऱ्या होतील. मंगळावर नेलं तर पाऱ्याचा खडा होईल. आठ घरांत राहण्याजोगं घर एकच, हे मला तेव्हाच कळलं होतं.

एकदा गुरुजींनी तक्ता उलटा करून वर्गाला विचारलं, "सांगा पाहू, सगळ्यात जास्त तापलेला ग्रह कोणता?"

"बुध!" पोरं ओरडली.

दारात खिचडीचं पातेलं घेऊन बनुबाई उभ्या होत्या. शाळेचा आहार त्या शिजवायच्या. त्यांनाही राहवलं नाही. "बुधच की गुरुजी. त्यात इचारायचं काय? चुलीम्होरं बसल्यालाच जास्त भाजतो."

"नाही बनुबाई, शुक्र," गुरुजी हसून म्हणाले. "बुध जवळ आहे, पण उघडा आहे. दिवसा चारशेच्या वर तापतो आणि रात्री सगळी उष्णता निघून जाते, म्हणून शून्याखाली पार पावणेदोनशेपर्यंत गारठतो. शुक्रानं वायूची जाड गोधडी पांघरलीय. आत आलेली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही."

"गोधडी घेतली म्हनून कोन चुलीपरीस तापतं व्हय? तक्ता छापनाऱ्याची चूक आसंल. सोडा पोरं, खिचडी गार व्हायली."

पोरं हसत उठली. एका मुलीनं मात्र जाता जाता विचारलं, "गुरुजी, मग बुधावर एकशे सदुसष्ट नेमकं कधी असतं?"

गुरुजी म्हणाले, "जवळजवळ कधीच नाही. सरासरी म्हणजे अख्ख्या गावाला मिळून एका मापाची चप्पल. मोजायला बरी. पायात घालून चालायला जाऊ नये."

पुढे शाळेत मोठा डिजिटल फळा आला. तक्ता गुंडाळून कपाटावर गेला आणि मी कपाटात गेले. दोन वर्षं मी अंधारात होते. तिथलंही तापमान मी बरोबर दाखवत होते, पण बघायला कोण? गुरुजी निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बनुबाईंच्या हातात ठेवलं. "तुम्ही कोंबड्यांचं शेड टाकताय ना? ही न्या. हिचं ऐका म्हणजे झालं."

बनुबाईंनी चौदा वर्षांचं खिचडीचं काम सोडून शेड टाकलं होतं. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, सांभाळायचं बनुबाईंनी. पहिलीच बॅच होती, दोन हजार पिल्लांची. ही नीट निघाली नाही तर कंपनी दुसरी पिल्लं देणार नव्हती. भावकीत तर पैजाच लागल्या होत्या. "बनुबाई पंधरा दिसांत परत खिचडीचा डाव हातात घेती का न्हाई बघा," असं लोक म्हणायचे. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि शेडच्या दारावर आपल्या नावाची पाटी आणखी घट्ट ठोकायच्या.

पहिले दिवस माझे सोन्याचे होते. एक दिवसाच्या पिल्लाला ऊब लागते, तेहतीस-चौतीस अंश. बनुबाईंना अक्षरं फारशी वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी माझ्या चौतीसच्या रेघेवर कुंकवाचं बोट टेकवलं. पारा बोटाखाली गेला की बल्ब लावायचे, वर गेला की काढायचे. "आधी तुला इचारीन, मंग देवाला," असं त्या मला म्हणाल्या होत्या. खरं सांगते, एवढं कौतुक माझं शाळेतही झालं नव्हतं.

पण पिल्लं वाढली. पिसं आली, अंगं भरली. आता त्यांना ऊब नको, गारवा हवा होता. कुंकवाचं बोट मात्र तिथेच राहिलं.

आणि कार्ड आलं. कंपनीचा सुपरवायझर वाल्मिक दर आठवड्याला मोटारसायकलवर यायचा. पक्षी किती, खाद्य किती, तापमान किती, हे सगळं एका कार्डावर लिहायचं असे. ते काम बनुबाईंची सून स्नेहल करायची. ती बारावी शिकलेली आणि कामाला चोख.

"भाऊ, सकाळी सत्तावीस असतं, दुपारी एक्केचाळीस. यातलं कोणतं लिहू?" तिनं विचारलं.

"रकाना एकच आहे ना वहिनी? बेरीज करा, निम्मं करा."

सत्तावीस आणि एक्केचाळीस, अडुसष्ट. निम्मं चौतीस. स्नेहलनं सुवाच्य अक्षरात चौतीस लिहिलं. वाल्मिक खूश झाला. "वा मावशी! वैशाखात चौतीस? तुमचं शेड म्हणजे महाबळेश्वरच!"

बनुबाई फुलल्या. तिथून पुढे त्या मला विचारीनाशा झाल्या. रोज संध्याकाळी स्नेहलला हाक मारायच्या, "कार्डावर किती गं?" आणि चौतीस, तेहतीस, चौतीस असं ऐकून समाधानानं पदर खोचायच्या. मी दुपारी एक्केचाळीसवर उभी राहून घामाघूम व्हायचे, मित्रांनो, आणि माझ्या नावावर चौतीस खपायचं. जो आकडा मी दिवसातून दोनदा घाईघाईनं ओलांडून जायचे, तो माझा म्हणून मिरवला जात होता.

मग परवाचा दिवस उजाडला. पक्षी चौतीस दिवसांचे झाले होते. त्यांना न्यायला कंपनीची गाडी तीन दिवसांत येणार होती. सकाळी सातलाच मी तिसावर होते. अकराच्या सुमाराला गरम वारा सुटला. बनुबाई आल्या आणि शेडच्या चारी बाजूंचे प्लास्टिकचे पडदे सोडायला लागल्या.

स्नेहल धावत आली. "आत्या, पडदे कशाला? पक्षी आधीच धापा टाकतेत."

"झळा लागत्यात म्हनूनच टाकतेत. दुपारी आपन घराची दारं-खिडक्या लावतो का न्हाई? आत कसं गार ऱ्हातं!"

"घरात आपण चार माणसं. इथं दोन हजार जीव आहेत."

"मंग? त्यांनी काय चूल मांडलीय व्हय आत?"

मांडली होती, मित्रांनो. कोंबडीचं अंग माणसापेक्षाही गरम, एक्केचाळीस अंशांचं. अशा दोन हजार चुली आत धगधगत होत्या आणि त्यांच्यावर आता चहूबाजूंनी गोधडी पडली होती. त्यातून बनुबाईंनी मायेनं आणखी एक गोष्ट केली. अंगणात सडा टाकतात तसं जमिनीवर अंथरलेल्या भाताच्या तुसावर पाणी शिंपडलं. पाण्याची वाफ झाली आणि वाफेला जायला वाट नव्हती. तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले.

"आत्या, मला बरं वाटत नाही हे," स्नेहल म्हणाली.

"काल कार्डावर किती हुतं?"

"चौतीस."

"परवा?"

"चौतीस."

"मंग? चौतिसात कोंबडं मेल्यालं कधी ऐकलंस का? ह्येच चौतीस आपन बल्ब लावून आनत हुतो. चल, जेवून घे."

स्नेहल सासूच्या मागे निघाली. आकडा तिच्याच हातचा होता. त्याला खोटं कसं म्हणणार?

दोघी गेल्या. मी राहिले.

एक्केचाळीस. बनुबाई, इकडे बघा. बेचाळीस. अहो, कोणीतरी या. त्रेचाळीस. पक्ष्यांनी पंख पसरले, चोची उघड्या टाकल्या, माना लांब केल्या. आधी सगळ्या शेडभर कलकलाट होता, मग नुसती धाप राहिली. दोन हजार गळ्यांची धाप मी ऐकली आहे, मित्रांनो, ती तुम्हाला कधी ऐकायला न लागो. चव्वेचाळीस. माझ्या खाली एक लंगडी कोंबडी असायची. बनुबाई तिला तळहातावर दाणे घालायच्या. ती भिंतीला टेकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. पंचेचाळीस. मला सगळं ठाऊक होतं. जवळ कोण, लांब कोण, गोधडी म्हणजे काय, सगळं. पण मला चढण्यापलीकडे काही येत नाही, आणि चढताना बघायला कोणी नव्हतं. सेहेचाळीस.

पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला. स्नेहल होती. तिच्या उष्ट्या हाताला भात तसाच होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "आत्या! सेहेचाळीस!"

"येडी झाली का? नीट बघ." बनुबाई मागून आल्या. त्यांनी कुंकवाचं बोट शोधलं. पारा त्याच्या कितीतरी वर होता. मग त्यांनी खाली पाहिलं.

बनुबाईंनी कमरेचा विळा काढला आणि पडद्यांच्या दोऱ्या कापत सुटल्या. दोघींनी मिळून पक्षी लिंबाखाली नेले, हौदाच्या पाण्यात पाय बुडवून सावलीत ठेवले, पुन्हा आत आल्या, पुन्हा नेले. कुठला जिवंत आणि कुठला नाही, हे बघायलाही थांबल्या नाहीत. ऊन कललं तेव्हा मोजणी झाली. दोन हजारांतले आठशे साठ उरले होते.

संध्याकाळी वाल्मिक आला. मेलेल्या पक्ष्यांनी भरलेला खड्डा पाहून त्याचं तोंड उतरलं. तरी त्यानं सवयीनं कार्ड काढलं. "मावशी, कंपनीला तर कळवावं लागेल. सकाळी तीस, दुपारी सेहेचाळीस. म्हणजे अडतीस लिहितो."

"अडतिसात एवढी मेली व्हय रं?" बनुबाई म्हणाल्या. "कोनच्या तोंडानं लिवतोस अडतीस?"

"रकाना एकच आहे, मावशी."

"मंग रकान्याच्या भाईर लिव. सेहेचाळीस लिव." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन् त्याच्या खाली लिव, पडदे बनुबाईनं सोडलं हुतं. सून नगं म्हनत हुती."

स्नेहल म्हणाली, "आत्या, आकडा मीच..."

"तू गप."

वाल्मिकनं लिहिलं. जाताना तो एवढंच म्हणाला, की उरलेले पक्षी गाडी येईपर्यंत जगले तर साहेबांना पुढच्या पिल्लांसाठी विचारून बघता येईल. आणि उन्हाचा इशारा अजून दोन दिवसांचा आहे.

मित्रांनो, पृथ्वीचं सरासरी तापमान पंधरा, असं तुम्ही पुस्तकात वाचता. ते गेल्या दीडशे वर्षांत सव्वा अंशाहून जास्त वाढलं असंही ऐकता. सव्वा अंश म्हणजे किती, असं म्हणून तुम्ही पान उलटता. त्या सव्वा अंशाच्या पोटात आमच्यासारख्या किती दुपारी दडपून ठेवल्यात, हे त्या आकड्याला विचारून कळणार नाही. आपल्या घरावरची गोधडी थोडी थोडी जाड होत चाललीय. ती आपणच घालतोय, आणि बनुबाईंसारखीच, आपण फार शहाणे आहोत या समजुतीनं. बनुबाईंकडे पडदे कापायला विळा तरी होता. तुमच्याकडे काय आहे ते तुम्ही बघा, पण लवकर बघा. आणि जिथे कुठे माझ्यासारखी एखादी टांगलेली असेल, तिच्याकडे दुपारी बघा. सकाळच्या गारव्यात तिची वाहवा करू नका.

माझी जागा आता बदलली आहे. पूर्वी मी माणसाच्या डोळ्यांसमोर टांगलेली होते. काल बनुबाईंनी मला काढून जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधलं, पक्ष्यांच्या मानेइतकं. त्यामुळे मला वाचायचं तर गुडघे टेकून वाकावं लागतं. या बाई भावकीत कोणापुढे कधी वाकल्या नाहीत. आता दर अर्ध्या तासाला माझ्यापुढे वाकतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, "सांग गं बाई, किती?"

पडदे वर बांधलेले आहेत. पत्र्यावर उसाचं ओलं पाचट टाकलं आहे. आठशे साठ जणांनी चोची मिटलेल्या आहेत अजून. गाडी उद्या सकाळी यायची आहे.

आत्ता साडेनऊ वाजले आहेत आणि मी छत्तीसवर आहे. अजून दुपार व्हायची आहे.