गाडी कोण चालवत होतं?

गाडी भाड्याने घेताना काउंटरवरच्या मुलीने ताईला रीतसर विचारलं होतं, आणखी कुणी चालवणार आहे का, असेल तर त्याचं नाव नि लायसन्स इथे लिहावं लागेल. ताईने नाही म्हणून सही ठोकली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला दवाखान्यातून घरी आणायचं, एवढंच तर काम होतं. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तिला सहन व्हायचं नाही, पण त्या कराराची बारीक अक्षरं तिने काही वाचली नाहीत.

आईपाशी बसून दोन दिवस ताईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. परतताना धाकटा भाऊ म्हणाला, "सरक, मी घेतो." लायसन्स होतं त्याच्याकडे, हातही चांगला होता. ती सरकली. दहा मिनिटांत, बाजाराच्या वळणावर, गाडीखाली एक म्हातारा येता येता राहिला. धक्का लागून तो उजव्या हातावर पडला आणि मनगटाचा पार चुरा झाला. त्याच वळणावर त्या म्हाताऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं.

गर्दी जमायच्या आत भाऊ तिच्या कानाशी लागला. "ताई, तूच चालवत होतीस म्हण. माझं नाव निघालं तर विमावाले हात वर करतील. त्या म्हाताऱ्याला काहीच मिळणार नाही."

शेवटचं वाक्य नसतं तर ताई बधली नसती.

मागे आई डोळ्यांना पट्टी बांधून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मला काय दिसतंय," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

विमा कंपनीचा तपासनीस आला तेव्हा ताईने सगळं स्वतःवर घेतलं. वेग किती, ब्रेक कधी दाबला, सगळं सांगितलं. खोटं इतकं सहज जमेल असं तिला वाटलं नव्हतं. चार दिवसांनी तो पुन्हा आला. घड्याळजींचा जबाब त्याच्या हातात होता. गाडी चालवणारा पुरुष होता, चौकड्यांचा शर्ट होता, असं त्यांनी सांगितलं होतं.

"धक्क्यात माणसाची चूक होऊ शकते," तपासनीस म्हणाला आणि पेन उघडून तिच्याकडे बघू लागला.

त्याने वाट करून दिली आहे, हे ताईला कळलं. पण हात मोडलेल्या माणसाला वर आंधळंही ठरवायला तिची जीभ रेटेना. "त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ चालवत होता."

आठवड्याने पत्र आलं. करारात नाव नसलेल्या व्यक्तीने वाहन चालवल्याने विमा लागू होत नाही. ताईने ते तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. भावाला चौकीच्या खेपा सुरू झाल्या, आणि ताई दारात दिसली की तो दुसऱ्या खोलीत जाऊ लागला.

शेवटी ती घड्याळजींच्या दुकानात गेली. प्लास्टरचा हात काउंटरवर ठेवून ते नुसतेच बसले होते. तिने सगळं सांगितलं, कानाशी झालेलं बोलणंसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तपासनीसाने कोण चालवत होतं एवढंच विचारलं, उत्तरावर काय अवलंबून आहे ते सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले.

"आधी कळलं असतं तर?" ताईने विचारलं.

त्यांनी प्लास्टरबाहेरची बोटं हलवून पाहिली. "तर बहुतेक तुमचंच नाव घेतलं असतं मी," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, पेला धरता येईल. घड्याळाचा चिमटा नाही."

तिने माफी मागितली. मग डाव्या हाताने त्यांनी एक वही तिच्यापुढे सरकवली. गिऱ्हाइकांचे नंबर होते त्यात. फोनवर तेच ते सांगायचा मला कंटाळा आलाय, तुम्ही सांगाल का, असं त्यांनी विचारलं.

ताई स्टुलावर बसली. पहिला नंबर लावला आणि पलीकडच्या अनोळखी बाईला म्हणाली, "तुमचं घड्याळ तसंच घेऊन जा. इथे आता दुरुस्ती होत नाही."