चित्राच्या डोळ्यांतलं पाणी

"आयलं! पानी आयलं! पोराच्या डोल्यांत पानी आयलं!"

गर्दीतली वेणूबाई ओरडली आणि काशीदच्या त्या नारळीच्या वाडीत मांडी घालून बसलेली सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. बायकांनी पदर तोंडाला लावले, मागच्यांनी मोबाइल उंच धरले. मांडवात झेंडूच्या माळांमध्ये एका तरुणाचं तैलचित्र उभं केलेलं होतं. भजन चाललं होतं तोवर ते इतर कुठल्याही चित्रासारखंच होतं. आता त्याच्या एका डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब भरला, थरथरला आणि गालावरून घरंगळत हनुवटीपर्यंत आला. मग दुसऱ्या डोळ्यातूनही.

"सुश्रुत! माझा सुश्रुत!" अंबिकाबाई पुढच्या रांगेतून किंचाळल्या आणि चित्राकडे धावल्या. गौरीनं आईला दंडाला धरून मागे ओढलं. चित्रातला तरुण तिचा धाकटा भाऊ होता.

छायानंद महाराज आसनावरून उठले. अंगात भगवी रेशमी कफनी, कानाला अडकवलेला माइक.

"भक्तहो! कॅमेरा देह टिपतो, हा सेवक आत्मा टिपतो. मी फोटो मागितला? वर्णन विचारलं? फक्त नाव घेतलं! आत्म्याचं कंपन माझ्या कुंचल्यात उतरतं. परदेशातले शास्त्रज्ञ याला क्वांटम म्हणतात, आपले ऋषी याला करुणा म्हणत." क्वांटम म्हणताना महाराज डोळे मिटत. उघड्या डोळ्यांनी तो शब्द त्यांना पेलत नसावा.

मग ते अंबिकाबाईंकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला.

"माई, मेलेला माणूस रडत नाही. तुमचा मुलगा जिवंत आहे. कुठल्यातरी परक्या किनाऱ्यावर आहे, आणि भुकेला आहे. त्याचे अश्रू थांबेपर्यंत तुम्ही अन्न घ्यायचं नाही, औषध घ्यायचं नाही. तुमचा उपास इथे, त्याच्या मुखात घास तिथे!"

"घेणार नाही, महाराज," अंबिकाबाई हात जोडून म्हणाल्या. "घेणार नाही."

गौरीच्या आईला मधुमेह होता आणि रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागत होतं.

सुश्रुत गेला तो पावसाळ्याच्या तोंडावर. काशीदच्या किनाऱ्यावर त्याची घरगुती जेवणाची छोटी खानावळ होती. पुण्याहून आलेली एक मुलगी समुद्राच्या ओढीत सापडली, तिच्या मैत्रिणी ओरडायला लागल्या आणि हा कढईखालचा गॅस बंद करून पाण्यात शिरला. मुलगी बाहेर आली. सुश्रुत आला नाही. कोळ्यांच्या होड्यांनी खाडीच्या मुखापर्यंत शोधलं, तटरक्षक दलाची बोट फिरली, पण हाती काही लागलं नाही. अंत्यसंस्कार करायला देह नाही, त्यामुळे घरात ना सुतक ना सण. आई रोज संध्याकाळी दाराची कडी काढून ठेवायची.

गौरीचा व्यवसायच माणसांची चित्रं काढण्याचा. मुरूडला भाड्याच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. लोक वारलेल्या वडिलांचा, आजीचा फोटो घेऊन यायचे. गौरी फोटो बाजूला ठेवायची आणि आधी गप्पा मारायची. ते रागावले की काय करायचे? चहा बशीतून प्यायचे की कपातून? बोलता बोलता माणसं रडायची, हसायची, आणि तेच कुठेतरी चित्रात उतरायचं. पण सख्ख्या भावाचं चित्र काढायला बसली तेव्हा तिला कोणाला काही विचारायची गरज नव्हती, आणि तेच चित्र जमेना. शेवटी एक पुरं करून तिनं आईपुढे धरलं. आईनं तोंड फिरवलं.

"हा मेलेला माणूस काढलायस तू. माझा मुलगा असा नाही."

त्यानंतर छायानंद महाराजांनी जिवंत सुश्रुत काढून दिला. रडणारा, भुकेला, परत येऊ शकणारा. गौरी कशाच्या बळावर त्याच्याशी भांडणार होती?

चित्र घरी आलं, देवघराशेजारी लागलं आणि रडत राहिलं. सकाळी आई उठायची ती थेट चित्रापुढे. गालावरचं पाणी बोटावर घ्यायची आणि म्हणायची, "अजून भूक आहे रे तुला?" भाताचं ताट तसंच परत जायचं. इन्सुलिनची कुपी तिनं मागच्या परसात फेकून दिली. नवी आणली, तीही फेकली.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा तिला," गौरी वडिलांना म्हणाली.

मार्तंडअण्णांनी उभ्या आयुष्यात कोणाला फसवलं नव्हतं, पण त्या दिवसांत त्यांनी स्वतःला फसवायला घेतलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "ते रडतंय तोवर तिला आशा आहे, गौरी. ती काढून घेतलीस तर तिच्यापाशी उरेल काय?"

"आणि ती स्वतःच उरली नाही तर?"

अण्णा उठून परसात गेले.

आई अंघोळीला गेलेली असताना गौरी चित्रापुढे उभी राहिली, चित्रकाराच्या नजरेनं. रंग घाईचे होते. नाक छान बसलं होतं, फोटोवरून उचलल्यासारखं. तिनं गालावरचा थेंब जिभेला लावला. खारट नव्हे, कडवट. जीभ चरचरली. मग तिची नजर भुवईवर गेली. सुश्रुत लहानपणी पंपाच्या कट्ट्यावर आपटला होता, भुवई फुटली होती आणि तिथे केस पुन्हा उगवले नव्हते. डावी भुवई. चित्रात फुटलेली होती ती उजवी.

तिनं मोबाइल काढून सुश्रुतचं समाजमाध्यमावरचं पान उघडलं. तिथे त्यानं स्वतःच काढलेला फोटो होता, तोच शर्ट, मानेचा तोच कल. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला, म्हणून आरशासारखा उलटा. शर्टावरची अक्षरंसुद्धा उलटी दिसत होती. महाराजांना नाव सांगितलं की बाकीचं त्यांचा दिपेश नावाचा चेला मोबाइलवर शोधत असणार.

"आई, ही भुवई बघ," ती आई बाहेर आल्याबरोबर म्हणाली. "ही उलटी आहे. त्यांनी फोटोवरून—"

आईनं तिच्या थोबाडीत मारली. कृश हाताची चापट ती, लागली नाही. पण त्या हातात ताकद उरली नव्हती, हे मात्र गौरीला लागलं.

"तुला तो मेलेलाच हवाय," आई म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली. मग बसल्या जागी कलंडली.

मुरूडच्या दवाखान्यात डॉक्टर नूरैननं अंबिकाबाईंना दाखल करून घेतलं. साखर इतकी चढली होती की यंत्रावर आकडाच उमटेना. नूरैन गौरीची शाळेतली मैत्रीण. सलाइन लावून झाल्यावर तिनं बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं, "आजचा दिवस कठीण आहे. आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा औषध फेकणार असेल, तर मी काही करू शकणार नाही."

गौरी घरी गेली, चित्र भिंतीवरून उतरवलं आणि दवाखान्यात नूरैनच्या टेबलावर पालथं ठेवलं. मागच्या बाजूला जाड तपकिरी कागद चिकटवलेला होता. तो फाडला. डोळ्यांच्या जागी कॅनव्हासला सुईनं भोकं पाडलेली, आणि प्रत्येक डोळ्यामागे पातळ कापडाची एकेक पुरचुंडी. आत ओले, पांढरे खडे.

नूरैननं एक खडा बोटांत चुरडून बघितला. मग तिनं भिंतीतलं कपाट उघडलं. कपड्यांच्या मागे प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. वरच्या कप्प्यात तसेच पांढरे खडे, खालच्या कप्प्यात पाणी साठलेलं.

"दमटपणा जावा म्हणून आपण सगळेच कपाटात टांगतो. कॅल्शियम क्लोराइड. हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गाळत राहतं. पावसाळ्यात आपलं मीठ नाही का ओलं होत? त्याचाच हा हावरट भाऊ."

"मग मांडवात आधी का नाही रडलं? भजन होईपर्यंत कोरडं होतं."

"आणलं कशातून होतं?"

गौरीला आठवलं. मखमली पेटी, आणि मखमलीच्या कडेला डोकावणाऱ्या छोट्या पांढऱ्या पुड्या, औषधाच्या बाटलीत ओल शोषायला असतात तशा. पेटीत हवा कोरडी, चित्र कोरडं. पेटी उघडायची, समुद्राची हवा आणि शेकडो माणसांचा श्वास लागू द्यायचा आणि भजन लांबवायचं. आत्मा आपोआप पाझरतो.

गौरी हसली नाही. तिची आई दोन चिमूट खड्यांपायी मरत होती.

रविवारी दुपारी, आई अजून बेशुद्धच असताना, महाराजांचा मांडव पुन्हा भरला. आज आगरदांड्याच्या हमीदचाचा आणि रेहानाचाची यांची पाळी होती. त्यांचा झियान आखातात मालवाहू बोटीवर होता. बोट बुडाल्याचा निरोप आला, पुढे काहीच कळलं नाही. हमीदचाचांनी आयुष्यभर घरात तसबीर लावली नव्हती. आज ते मान खाली घालून पहिल्या रांगेत बसले होते.

गौरी कापडात गुंडाळलेली दोन चित्रं घेऊन आली; एकाला आतून प्लास्टिकही घट्ट बांधलेलं होतं. "महाराज, मीही चित्रकार आहे. आपलंच चित्र काढून आणलंय. आपल्या शेजारी ठेवू?"

महाराज फुलले. "ठेव, बाळ. पण साधनेशिवाय रंगात प्राण येत नाही हो!"

गौरीनं पहिलं चित्र उघडून ठेवलं. हुबेहूब महाराज: जाड पापण्या, तृप्त ओठ. भजन सुरू झालं, टाळ वाजले, उदबत्त्यांचा धूर झाला. लोक महाराजांनी काढलेल्या झियानच्या चित्राकडे टक लावून होते. पण पहिली ओरड वेणूबाईचीच आली.

"अगो बाय! म्हाराज रडतान!"

महाराजांच्या चित्राच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. टाळ थांबले.

"हे... हे माझ्या करुणेचे अश्रू!" महाराज म्हणाले.

"पण चित्र रडतं तो माणूस भुकेला असतो, असं तुम्हीच सांगता," गौरी म्हणाली.

"भुकेला?" मागून वाडीचा मालक कोंडाजी बोलला. "आताच तर माझ्याकडे जेवला हाय. दोनदा भात घेतलान!"

हशा पिकला. महाराजांनी हात उंचावला. "नास्तिकांनो! आत्म्याची भूक—"

गौरीनं दुसऱ्या चित्रावरचं कापड ओढलं. चित्रात एक दुधी भोपळा होता. त्याला दोन मोठे डोळे काढलेले, आणि त्या डोळ्यांतूनही टपटप पाणी गळत होतं.

"आता सांगा, महाराज. हा भोपळा कुठल्या किनाऱ्यावर अडकलाय? याच्या आईनं किती उपास करायचे?"

मग तिनं तिन्ही चित्रं उलटी केली. झियानच्या चित्रामागचा कागद फाडला, पुरचुंड्या काढून सगळ्यांसमोर धरल्या आणि कपाटातल्या पिशवीची गोष्ट सांगितली. हसू हळूहळू विरत गेलं. दिपेश मागच्या कुंपणावरून पळायला गेला, त्याला कोळ्यांच्या पोरांनी धरलं. हमीदचाचा उठले. लोकांना वाटलं, आता ते महाराजांना मारणार. त्यांनी झियानचं चित्र उचललं, छातीशी धरलं आणि ते तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागले. पोलीस येईपर्यंत कोंडाजी महाराजांसमोरून हलला नाही.

अंबिकाबाई शुद्धीवर आल्या तेव्हा समोरच्या खुर्चीवर सुश्रुतचं चित्र होतं. पुरचुंड्या काढलेलं, कोरडं.

"थांबलं!" त्या पुटपुटल्या. "रडायचा थांबला. त्याला जेवायला मिळालं गं! सापडला तो!" आणि त्यांनी स्वतःहून पेज मागितली.

अण्णांनी गौरीला बाहेर ओढलं. "काही सांगू नकोस. खातेय ती. खाऊ दे. तुझ्या पाया पडतो."

गौरीलाही ते हवंसं वाटलं. एक गप्प बसणं, बस. पण आतून आईची हाक आली, "गौरी, मग कधी येणार तो? कोणत्या बोटीनं? महाराजांना विचार ना."

गौरी आत गेली. चित्र तिनं आईच्या मांडीवर ठेवलं.

"आई, तो आजारी असला की तू कुठे हात फिरवायचीस?"

अंबिकाबाईंचा हात आपोआप उठला. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो चित्रातल्या डाव्या भुवईवर गेला आणि त्या खाचेसाठी चाचपडू लागला. तिथे भुवई अखंड होती. हात थांबला. पुन्हा फिरला. मग तो हात चित्रावरून उचलला गेला, जणू परक्या माणसाला चुकून शिवला होता.

"हा तो नव्हे," आई म्हणाली.

"नाही."

"तो गेला ना गं?"

गौरीनं होकारार्थी मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा अंबिकाबाई रडल्या. अण्णा दाराशी उभे होते ते येऊन पलंगावर बसले आणि तेही रडले. नूरैननं आत येऊन इन्सुलिनची सुई टोचली. आईनं हात मागे घेतला नाही.

पुढे रेहानाचाची गौरीच्या खोलीवर आल्या.

"बेटी, तो माणूस झूठा होता, मानलं. पण तू शिकलेली आहेस, तू खरं सांग. माझा झियान येईल का?"

"मला माहीत नाही, चाची."

चाचींनी तिच्याकडे बघितलं. एवढं कोरडं उत्तर त्यांना आजवर कोणी दिलं नव्हतं.

"आणि त्या महाराजालाही माहीत नव्हतं," गौरी म्हणाली. "फरक एवढाच, की मी तसं सांगतेय. बोटीच्या कंपनीला आणि दूतावासाला आपण पुन्हा लिहू. मी येते तुमच्याबरोबर."

रेहानाचाचींनी मान डोलावली आणि डोळे पुसले.

ज्यांचं माणूस हरवलंय, त्यांना एवढंच सांगणं आहे. दुःखात डोकं चालत नाही, हे खरं. म्हणून तर ठग नेमका तेव्हाच येतो. पण एक प्रश्न विचारायला फार डोकं लागत नाही: ज्याला तुमचं माणूस कुठे आहे हे खरोखर ठाऊक आहे, तो मांडव कशाला घालील? तो धावत पोलिसांकडे जाईल, बंदरावर जाईल, तुम्हाला हाताला धरून तिथे नेईल. जो तसं करत नाही, आणि वर तुमचं अन्न-औषध तोडतो, त्याला काहीही ठाऊक नाही. तिथून उठा आणि घरी चला.