टाइपरायटरची कमान

विजयमाला तायडे रोज सकाळच्या एस.टी.नं मेडशीहून मालेगावला यायची, आणि स्टँडवर उतरल्यापासून कचेरीच्या पायरीपर्यंत मनातल्या मनात भांडत चालायची. भांडण रोज तेच असायचं आणि समोरचा माणूसही तोच, नवजीवन शेतकरी संघाचे हेडक्लार्क दौलतराव देशमुख. त्या भांडणात ती रोज जिंकायची. कचेरीत शिरल्यावर मात्र टेबलाशी बसायचं, मशीनमध्ये कागद घालायचा आणि डाव्या हातानं गाडी ओढायला लागायचं.

गाडी म्हणजे टाइपरायटरचा वरचा, कागद गुंडाळलेला भाग. धड मशीनवर एक अक्षर उमटलं की ती आपोआप एक घर डावीकडे सरकते. तिला ओढायला मागच्या बाजूला एका गोल डबीत कमान असते, घड्याळात असते तशी, पोलादी पट्टीची. संघाच्या मशीनची कमान चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये तुटली. तेव्हापासून विजयमाला उजव्या हाताच्या बोटानं अक्षर दाबायची आणि डाव्या हातानं गाडी एक घर ओढायची. पुन्हा अक्षर, पुन्हा ओढ. हात जरा जास्त लागला की शब्दाच्या मधोमध भोक पडायचं, कमी लागला की अक्षरावर अक्षर चढायचं. एकदा 'शेतकरी'मधले त आणि क एकमेकांच्या उरावर बसले. दौलतरावांनी तो कागद दोन बोटांत धरून सगळ्या कचेरीला दाखवला.

"पाहा बाप्पा. बाईनं काय छापलं ते पाहा. अकोल्याची परीक्षा पास हाय म्हनते."

ती खरोखरच पास होती. अकोल्यात मामाकडे राहून तिनं काझी सरांच्या क्लासात टायपिंग शिकलं होतं. फीच्या बदल्यात ती क्लासातल्या अकराही मशीनं रविवारी पुसायची, तेल घालायची, आणि सर एखादं मशीन खोलून बसले की शेजारी बसून स्क्रू सांभाळायची. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा होती. ती चाळीसला गेली होती. पण हे इथं कोणाला सांगायचं? मशीन लंगडं होतं, आणि लंगडी ती ठरत होती.

नवीन कमानीसाठी तिनं तीन अर्ज केले. तिन्हींवर दौलतरावांचा एकच शेरा होता, 'नागपूरहून मागविली आहे.' इकडे तिचं नोकरीतलं उमेदवारीचं वर्ष जूनअखेर संपत होतं. एक जुलैला संघाचे अध्यक्ष स्वतः समोर बसून तिचा वेग पाहणार होते. तीस शब्द भरले तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि गेला महिनाभर दौलतरावांचा भाचा रामराव कचेरीत 'सहज' येऊन बसत होता. तोही म्हणे वाशीमला टायपिंग शिकत होता. दुपारचा चहा झाला की तो तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर पाय पसरायचा आणि तिच्या डाव्या हाताकडे बघत राहायचा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी दौलतराव अध्यक्षांबरोबर जीपनं वाशीमला गेले होते. शिपाई पुंजाजी टेबलं पुसत होता. म्हातारा माणूस, मनात काही नसायचं. मशीनजवळ आला आणि सहज बोलून गेला.

"बाई, ते नागपूरवाली डबी काहून नाई लावली अजून?"

विजयमालाचा हात गाडीवरच थांबला. "कोनती डबी?"

"पारसल आलतं ना. मीच त आनलं पोस्टातून. आखाजीच्या आंधी. जानरावभाऊनं खोलून पाह्यलं, म्हने टाइपराटरची कमान हाय." मग तिच्या तोंडाकडे बघून तो चाचरला. "तुमाले नाई सांगतलं का?"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी म्हणजे एप्रिल. दोन महिने. दोन महिने कमान पाच पावलांवरच्या कपाटात पडून होती, आणि ती इथं हात दुखेस्तोवर गाडी ओढत होती, शिव्या खात होती, रात्री मनगटाला तेल चोळत होती. ती उठली ती थेट भांडाराच्या जाळीच्या दाराशी गेली. भांडारपाल जानराव पान लावत बसला होता.

"जानरावभाऊ, माही कमान द्या."

"कोनती?"

"आता तुमी बी विचारा, कोनती. एप्रिलपासून जे कपाटात ठुली ते."

जानरावानं पान तसंच ठेवलं. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. "बाई, साहेबानं सांगतलं हाय. मेकॅनिक आल्याशिवाय काढाची नाई."

"मेकॅनिक कवा येनार हाय?"

"एक जुलै झाल्यावर," तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यानं जीभ चावली.

तिला वाटलं होतं की आळस असेल, बेपर्वाई असेल. हे तर ठरवून चाललं होतं! पाय बांधून शर्यतीत उभं करायचं आणि हरली म्हणून हाकलायचं. तिनं जाळीचं दार दोन्ही हातांनी धरलं.

"स्टॉक बुक काढा."

"बाई, हळू बोला."

"हळू कायले बोलू? तीन महिने हळूच बोलली मी. बुक काढा, माही सही घ्या अन् कमान द्या. नाईतर मी अठून हलत नाई. साहेब आल्यावर त्याइच्या समोर सांगजा, बाई दार धरून उभी होती."

"माही नोकरी जाईन ना वो."

"अन् माही जाऊन राह्यली त्याचं काय?"

जानरावानं एकदा बाहेर बघितलं, एकदा तिच्याकडे. मग किल्ली काढली. बुकात एकोणीस एप्रिलची नोंद होती, त्याच्याच अक्षरात. तिनं समोर सही केली, तारीख घातली, आणि खाकी कागदातली ती डबी घेऊन टेबलाशी आली.

पुंजाजीनं पलीकडच्या सायकलवाल्याकडून स्क्रू काढायचे दोन पेचकस आणले. तिनं मशीन उलटं फिरवलं. रामराव खुर्चीत सावरून बसला. "बाई, मेकॅनिकचं काम हाय ते. राहू द्या."

तिनं पेचकस उचलला. आधी गाडीला अडकवलेल्या कापडी पट्टीचं डबीकडचं टोक सोडवलं आणि ते आत पडू नये म्हणून त्याला दोरा बांधून ठेवला. मग जुन्या डबीचे दोन स्क्रू काढले. डबी हातात आली ती मेल्यासारखी, आत तुटकी कमान खुळखुळत होती. नवी डबी आसावर बसवली, स्क्रू कसले. इथपर्यंत सोपं होतं. पुढचं काम वाईट. नव्या कमानीला पीळ द्यायचा असतो, डबी बोटांनी फिरवत न्यायची आणि पीळ भरला की तशीच धरून पट्टी अडकवायची. काझी सर म्हणायचे, "बेटी, गुस्से में स्प्रिंग को हाथ मत लगाना." पण आज राग आवरून बसली असती तर कमान कपाटातच राहिली असती.

एक फेरा. दोन. तीन. चौथ्याला बोट घसरलं. डबी सर्रकन उलटी फिरली आणि तिच्या दातेरी कडेनं अंगठा आणि बोटाच्या मधलं मांस कापलं. टेबलावरच्या कोऱ्या कागदांवर रक्त ठिबकलं.

"अरे बाप्पा!" पुंजाजी धावला.

आणि रामराव हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

विजयमालानं वळून त्याच्याकडे बघितलं. "उठा."

"आँ?"

"उठा त्या खुर्चीवरून. संघाची खुर्ची हाय ते, मामाच्या घरची नाई. अठी तुमचं काय काम हाय? काम असंन त सांगा, नसंन त बाहेर व्हा."

तिचा आवाज इतका चढला की बाहेर सातबारा घेऊन बसलेले दोन शेतकरी दारात येऊन उभे राहिले. रामरावाचं तोंड उतरलं. तो उठला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

तिनं रुमाल फाडून हात बांधला आणि पुन्हा बसली. या वेळी सहा फेरे दिले, दात आवळून. पट्टी अडकवली. मशीन सरळ केलं, कागद घातला आणि एक अक्षर दाबलं. गाडी अशी काही सुटली की चार घरं ओलांडून गेली. पीळ जास्त झाला होता. पुन्हा मशीन उलटं, पुन्हा पट्टी सोडव, दोन फेरे कमी कर, पुन्हा अडकव. हाताला बांधलेला रुमाल लाल झाला होता. पण आता क दाबला की गाडी एक घर सरकत होती, बरोबर एकच. उकार दाबला तर हलत नव्हती, आणि हलायला नकोच असते, कारण उकार त्याच अक्षराखाली बसायला हवा. तिनं एक ओळ सरसर छापली. कडेला येताच घंटा वाजली.

पुंजाजीनं टाळी वाजवली. तिला मात्र आनंद झाला नाही. घड्याळात बघितलं तर उणापुरा तास झाला होता. एका तासाचं काम होतं हे! एवढ्यासाठी त्यांनी तिला तीन महिने सगळ्यांसमोर मठ्ठ ठरवलं होतं. आता तर तिला जास्तच संताप आला.

साडेचारला जीप अध्यक्षांना घरी सोडून आली. दौलतराव आत आले, मागे रामराव. स्टँडवर गाठून त्यानं सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"कोनं खोलली मशीन?"

"मी."

"संघाच्या मालाले हात लावाची परवानगी कोनं देल्ली तुले?"

"स्टॉक बुकात माही सही हाय. पाहून घ्या."

दौलतरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. "तुमच्या लोकाइले खुर्ची काय भेटली, आता मशिनीबी खोलाले निघाले!"

विजयमालाला वाटलं, समोरचं हे वीस किलोचं लोखंड उचलावं आणि याच्या पायावर घालावं. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरले. कापलेल्या जागी कळ आली.

"माह्या लोकाइचं नोका काढू, साहेब. माह्यावर बोला. मी चुकली असंन त मेमो द्या. लिहून द्या, तोंडी नोका बोलू."

"देतो! आत्ताच देतो!" त्यांनी चौफेर बघितलं. संघात मेमो टाइप होऊनच जायचा, आणि टाइप करणारी एकच होती.

तिनं मशीनमध्ये दोन कागद आणि मधे कार्बन घातला. "सांगा."

दौलतराव घुटमळले. पण सगळे बघत होते, शेतकरीसुद्धा. त्यांनी सांगायला सुरुवात केली. "आपण आज दिनांक अठरा जून रोजी... वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय... भांडारातून टंकयंत्राचा सुटा भाग काढून..." त्यांचं वाक्य संपायच्या आत तिचं संपत होतं, आणि ती बोटं कळांवर ठेवून वाट बघत बसत होती. ते घाईनं बोलायला लागले. तिचा वेग वाढला. त्यांचा शब्द अडखळला की मशीन थांबायचं आणि त्या शांततेत ते जास्तच चिडायचे.

"साहेब," ती मधेच म्हणाली, "सुटा भाग भांडारात कवापासून होता, ते तारीख सांगा."

"ते कायले पाह्यजे?"

"भांडारातून काढला, असं तुमीच सांगतलं. मंग भांडारात आला कवा, ते नको?"

मग जाळीमागून जानरावाचा बारीक आवाज आला, "एकोनीस एप्रिल."

तिनं तारीख छापली. कागद ओढून काढला, दौलतरावांसमोर धरला. "सही करा."

त्यांनी मेमो वाचला. पुन्हा वाचला. अख्ख्या पानात एक खाडाखोड नव्हती, एक अक्षर वर-खाली नव्हतं, आणि मधोमध ती तारीख बसली होती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"उद्या पाहू."

"उद्या नाई. आज सही करा. मले मेमो पाह्यजे."

"उद्या म्हनलं ना!" ते ओरडले आणि छत्री न घेताच बाहेर पडले. खालची प्रत तिनं पिशवीत ठेवली.

परतीच्या एस.टी.त तिचा राग जराही उतरला नाही. सुट्या पैशांवरून ती कंडक्टरवर खेकसली, शेजारच्या बाईनं गाठोडं पायावर ठेवलं म्हणून तिच्यावरही. घरी आई, कमलीबाई, पाणी तापवून तिचा हात धूत बसली.

"झालं ना आता, माय? मशीन चालू झाली ना?"

"चालू झाली म्हनून काय झालं? तीन महिने मले येडी ठरवली, त्याचं काय?" ती आईवरही ओरडली. कमलीबाई नुसतं पाणी घालत राहिली, आणि त्या गप्प बसण्यानं विजयमालाला रडू फुटलं, तेही संतापाचंच.

मेमोवर सही कधीच झाली नाही. एक जुलैला अध्यक्षांसमोर तिनं अडतीस शब्द काढले आणि नोकरी कायम झाली. त्याच दिवशी तिनं कार्बनची प्रत अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, दौलतरावांकडे न बघता घडी केली आणि तिला परत दिली. "जाऊ द्या बाई. कायम झाल्या ना तुमी? मंग आता कायले वाढवता?"

ती वाढवायला गेली नाही, पण तिनं जाऊही दिलं नाही. दौलतरावांनी पुढं काही सांगितलं की ती म्हणायची, "लिहून द्या." साध्या चहाच्या निरोपालासुद्धा. ऑगस्टमध्ये संघानं एक नवीन जागा काढली, सहायक कारकुनाची, टायपिस्टच्या एक पायरी वरची. त्या जागेवर रामराव आला. कोणाला नवल वाटलं नाही. तिलाही नाही, पण ती बातमी कळली त्या दिवशी तिनं डबा खाल्ला नाही.

रामरावानं हातानं लिहिलेला पहिला मसुदा टाइप करायला आणला. तिनं वाचला आणि परत दिला. "दुसऱ्या ओळीत चूक हाय."

तो दुरुस्त करून घेऊन आला. तोच शब्द अजून चुकलेला होता, तिनं पुन्हा परत दिला. तिसऱ्यांदा त्यानं कागद टेबलावर आपटला. "तुमाले समजून राह्यलं ना काय लिहिलं ते? मंग करा ना नीट!"

"माह्या हातून चुकीचं छापलं की साऱ्या कचेरीले दाखवत होते तुमचे मामा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "जा, त्याइले विचारून या, 'नियुक्ती' कसं लिहितात."