आईच्या नावासकट

हस्काएल झिराडकर सरांनी उभा जन्म मेलेल्या भाषांशी संसार केला. जिवंत माणसांशी बोलायची त्यांची हौस बेताचीच. प्राचीन हिब्रू, अरामी शिकवून निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन नाशकात गंगापूर रोडला राहू लागले. शहरात बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे सरांच्या विद्वत्तेचा कुणाला त्रास नव्हता.

त्यांचा खास विषय म्हणजे बाबिलोनकडची मातीची वाडगी. जुने लोक त्यांच्यात अरामी मंत्र लिहून ती उंबऱ्याखाली पालथी पुरत. मंत्रात माणसाचं नाव यायचं ते आईच्या नावासकट. एका नावाची माणसं गल्लोगल्ली असतात. आईचं नाव जोडलं की चुकामूक होत नाही, बाधेची नाही आणि उताऱ्याचीही नाही. सर हे वर्गात हसत हसत सांगत.

पावसाळा सरता सरता बायकोला, सिपोराबाईंना, ताप चढला आणि ते हसू आटलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सरांनी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये चुलतभावाला फोन केला. त्यांच्यात आजारी माणसाचं नाव बदलतात. मृत्यूचा दूत जुन्या नावानं शोधत आलाच, तर त्याला माणूस सापडू नये म्हणून. दहा पुरुष जमले, प्रार्थना झाली. सिपोराची हाया झाली. हाया म्हणजे जिवंत. जुनं नाव उच्चारायचं नाही, अशी सरांनी घरात ताकीद दिली.

ताप उतरला. बाईंनी उठून पेज मागितली, तेव्हा हा पंडित स्वयंपाकघरात जाऊन ओक्साबोक्शी रडला.

घरकामाला सुरगाण्याकडची भागीबाई होती. तिला याचं काही नवल वाटलं नाही.

"आमच्यातबी करतात, बाबा. माझ्या भावाआधीची पोरं गेली, म्हनून आईनं त्याला भिकन म्हनलं. भिकेत आलेल्याला कोन नेनार?"

"जगला ना?"

"जगला. पन नेनारा रिकाम्या हातानं जात नाय. आईनं कोंबडा दिला व्हता. तुमी काय दिलं?"

"आमच्यात तसलं काही नसतं," सर म्हणाले. पण त्या दिवसापासून गेट वाजलं की ते आधी खिडकीतून डोकावून बघत.

दिवाळीनंतर एका दुपारी ते वाचनालयातून परतले. बाई व्हरांड्यात भागीबाईबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या.

"अहो, मघाशी एक गृहस्थ आले होते. सिपोरा झिराडकर कुठं आहेत, विचारत होते."

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "तू काय सांगितलंस?"

"तुम्ही पढवलंय तेच. या नावाचं इथं कुणी नाही, मी हाया."

सरांचा जीव भांड्यात पडला. ते शाबासकी देणार, तेवढ्यात बाई लाजून म्हणाल्या, "मग विचारलं, घरात आणखी कोण असतं? बिचारे उन्हातून आलेले. लग्न झाल्यापासून मी तुमचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, उखाण्यातसुद्धा टाळलं. आज घेतलं बाई."

"नुसतं नाव?"

"तुमच्या आईचंही विचारलं. म्हटलं, एस्तरबाई. संध्याकाळी येतो म्हणाले."

भागीबाईचा हात मेथीवरच थांबला.

पुन्हा ठाण्याला फोन करावा, आपलंही नाव बदलून घ्यावं, असं सरांच्या मनात आलं. पण मग तो दारात उभा राहून पुन्हा तेच विचारणार, घरात आणखी कोण? त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग होता. त्यांना भयंकर भीती वाटत होती, आणि फोन करायचा नाही हेही ठरून गेलं होतं.

उन्हं कलली.

"हाया, एकदा माझ्यासमोर घे ना नाव."

"इश्श, या वयात!" बाईंनी तोंडाला पदर लावला. मग हळूच म्हणाल्या, "हस्काएल."

गेटची कडी वाजली. एरवी धावत जाणारी भागीबाई जागची हलली नाही. सरांनी टोपी नीट केली आणि ते स्वतःच उठले.