धाकटीच्या कुंड्या

मॅडमनी कुंड्या वाटून दिल्या त्या दिवसापासूनच थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच प्रयोगशाळेत. एकाच कुळातल्या दोन प्रकारच्या रोपांना कमी-जास्त मिठाचं पाणी घालून कोणतं तग धरतं ते बघायचं होतं. थोरलीच्या वाट्याला आलं नेहमीच्या पद्धतीने अन्न तयार करणारं, सी-थ्री. धाकटीला सी-फोर. ते पानांची छिद्रं अर्धी मिटूनही हवेतला कार्बन पुरेसा ओढतं. म्हणून पाणी कमी पितं, आणि पाण्याबरोबर मीठही.

सात वर्षं इथे मी राबतेय आणि सोपं रोप हिला! थोरली तोंडाने मात्र म्हणाली, "छान झालं."

तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. धाकटीची रोपं टवटवीत. आईचा फोन आला, तोही धाकटीच्या कौतुकाचा. "तिच्या हाताला गुणच आहे गं."

हात कसला डोंबलाचा, रोप आहे ते!

दुपारी सगळे जेवायला गेले. थोरलीने धाकटीच्या सहा कुंड्यांत तिप्पट मिठाचं पाणी ओतलं.

चार दिवसांत त्या सहा रोपांनी माना टाकल्या. मातीचा खारेपणा मोजून धाकटी थोरलीकडे वळली. "ताई, मिश्रण माझ्याच हातून चुकलं. मॅडमना कुठल्या तोंडाने सांगू?"

थोरलीला आधी बरंच वाटलं. पण धाकटी डोळे पुसत वहीत स्वतःची चूक लिहायला लागली, तेव्हा तिला राहवेना.

"खोड ते. मी ओतलं. मुद्दाम."

"का?"

"तुझी हिरवीगार दिसतात म्हणून."

मॅडमनी सहा कुंड्या बाद केल्या आणि थोरलीला प्रयोगातून काढलं. तिची रोपंही धाकटीकडे गेली. धाकटी महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस तीच थोरलीच्या टेबलापाशी आली.

"सगळ्यात खारट पाण्यात तुझी रोपं जास्त टिकली, ताई. त्यांनी मीठ खोडातच अडवलं, जुनी पानं गाळली. माझ्या रोपांच्या पानांत एकदा मीठ शिरलं, मग पाणी वाचवूनही काही चाललं नाही."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"शाबासकी दिली. मला."

थोरलीचा चेहरा उतरला. "जळफळाट होतोय माझा."

"दिसतंय," धाकटी म्हणाली. "नव्या कुंड्या भरायच्यात, मॅडमना विचारलंय. माती कालवायला ये. पाणी मीच घालणार."